मातृवंदनेचे पैसे वेळेत कसे मिळवायचे आणि बाळाच्या वाटीपर्यंत कसे पोचवायचे: शहरी वस्तीतल्या कुटुंबांसाठी टप्प्याटप्प्याने

'फॉर्म भरून सहा महिने झाले, पैसे काही आले नाहीत.' शहरातल्या कुठल्याही वस्तीत प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा विषय काढा, हेच ऐकू येतं. अशा बहुतेक बायका योजनेत बसत असतात. चुकलेला असतो तो कामांचा क्रम. आधी फॉर्म भरला जातो, मग बँकेची आठवण होते, त्यानंतर आधारवरचं नाव वेगळं असल्याचं कळतं, आणि तोवर बाळ रांगायला लागलेलं असतं. हे पैसे आईच्या आणि बाळाच्या पोटासाठी आहेत, म्हणून उशीर झाला की त्यांचा अर्धा उपयोग गेला.

हा लेख गरोदर बाईसाठी आहे, तसाच तिच्यासाठी धावपळ करणाऱ्या नवऱ्यासाठी, सासूसाठी, शेजारणीसाठी आणि बचत गटातल्या ताईंसाठीही आहे.

## नेमकं काय मिळतं

पहिल्या जिवंत अपत्यासाठी ५,००० रुपये, दोन हप्त्यांत: आधी ३,००० आणि नंतर २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर जन्मानंतर ६,००० रुपये एकरकमी. ही रचना १ एप्रिल २०२२ पासूनची आहे. त्याआधी १,०००, २,००० आणि २,००० असे तीन हप्ते होते. ते अजून लोकांच्या डोक्यात असल्यामुळे 'तिसरा हप्ता कधी?' अशी वाट पाहणारे खूप भेटतात. तिसरा हप्ता आता नाही.

## टप्पा १: पात्रतेचा एक पुरावा पक्का करा

नियमात बऱ्याच गटांची यादी आहे: अन्नसुरक्षेचं किंवा दारिद्र्यरेषेखालचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान भारत योजनेचं कार्ड, मनरेगाचं जॉब कार्ड, किसान सन्मानचा लाभ, अनुसूचित जाती किंवा जमातीचा दाखला, ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला, किंवा कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्याचा दाखला. अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा स्वतः गरोदर असतील तर त्याही पात्र आहेत. या यादीतला एक पुरावा पुरतो. सगळे गोळा करत बसू नका.

शहरात नेहमीची अडचण रेशनकार्डाची. लग्न होऊन वर्ष झालं तरी सुनेचं नाव सासरच्या कार्डावर चढलेलं नसतं आणि माहेरच्या कार्डावरून कमी झालेलं असतं. अशा वेळी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालण्याआधी ई-श्रम कार्डाचा विचार करा. घरकाम, बांधकाम, भाजीची गाडी, घरबसल्या शिलाई, असं काही काम बाई करत असेल आणि तिचा पीएफ किंवा ईएसआयसी कापला जात नसेल, तर हे कार्ड तिच्या स्वतःच्या नावावर निघतं. त्यासाठी नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा कागद लागत नाही.

केंद्र, राज्य किंवा सरकारी उपक्रमात कायम नोकरी असलेल्या किंवा दुसऱ्या कायद्याखाली असाच लाभ मिळणाऱ्या बाईला ही योजना लागू नाही.

लक्षात घ्या: पतीचं आधार आता सक्तीचं नाही. एकट्या, विधवा, सोडून दिलेल्या बाईलाही अर्ज करता येतो. 'नवऱ्याचं आधार आणा, मगच फॉर्म' असं कोणी सांगितलं तर ती जुनी अट आहे, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा.

## टप्पा २: फॉर्मच्या आधी बँक

सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकतात, म्हणून या टप्प्याला घाई नको.

हे पैसे खाते क्रमांक पाहून येत नाहीत. आधार क्रमांक ज्या खात्याला जोडलेला असेल तिथे ते थेट जातात. आणि 'आधार जोडलेलं' याचे दोन वेगळे अर्थ आहेत. पहिला अर्थ, बँकेने केवायसीसाठी तुमच्या आधारची झेरॉक्स घेतली. दुसरा अर्थ, बँकेने तुमचं खाते सरकारी पैसे येण्यासाठी एनपीसीआयच्या (बँकांमधली पैशांची देवाणघेवाण चालवणारी राष्ट्रीय संस्था) यादीत आधारशी जोडलं. पहिलं झालं म्हणून दुसरं होतंच असं नाही. आपल्याला दुसरं हवं.

एका आधारवर त्या यादीत एका वेळी एकच बँक राहते, आणि शेवटी जी जोडली तीच चालते. घरकाम करणाऱ्या एका ताईंचे तीन हजार 'आलेच नाहीत' म्हणून सगळं घर वैतागलं होतं. फॉर्मवर शहरातल्या बँकेचं पासबुक जोडलेलं, अर्ज मंजूर, मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा संदेश, आणि पासबुकात शून्य. आधारच्या संकेतस्थळावर पाहिलं तर बँकेचं नाव दुसरंच निघालं. लग्नाआधी गावाकडे उघडलेलं जनधन खातं आधारला जोडलेलं होतं. भावाने गावच्या शाखेत जाऊन पासबुक छापून घेतलं, तेव्हा मातृवंदनेच्या तीन हजारांची नोंद तिथे होती.

असं करा:

१. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. तिथे बँकेचं नाव आणि ते चालू आहे की नाही एवढं दिसतं. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर ओटीपी येणार नाही. मग आधी आधार केंद्रावर जाऊन मोबाइल जोडा.

२. तिथे भलत्याच बँकेचं नाव असेल तर दोन वाटा आहेत. तेच खातं वापरात आणा, किंवा जवळच्या शाखेत जाऊन 'सरकारी अनुदानासाठी आधार जोडणी'चा संमती फॉर्म भरा. काउंटरवर 'आधार लिंक करायचंय' एवढंच म्हणू नका. 'डीबीटीसाठी, एनपीसीआयला जोडायचंय' असं सांगा (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं). काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा.

३. खातं बाईच्या स्वतःच्या नावावर हवं. नवऱ्याचं किंवा सासूचं चालत नाही. खातंच नसेल तर पोस्टाचं पेमेंट्स बँक खातं आधारवर लगेच निघतं.

४. खातं बरेच दिवस पडून असेल तर ते बंद अवस्थेत गेलं नाही ना, हे विचारा. थोडे पैसे भरून काढून बघितलेत की खात्री होते.

नावाचं काय? आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, हे घरोघरी दिसतं. अर्जात नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न अक्षर घालायचं. आधारवर नाव बदलून घ्यायचं असेल तर ते अर्जाआधी करा, नाहीतर बाळंतपण उरकल्यावर. अर्ज मधे लटकलेला असताना नाव बदललं की पडताळणी फसते.

तपासा: आधार, बँक आणि मोबाइल तिन्ही बाईच्या नावावर आणि चालू आहेत? नवऱ्याचा नंबर दिला आणि रिचार्ज न भरल्याने तो बंद पडला, की सगळे संदेश हवेत जातात.

## टप्पा ३: पाळी चुकल्याबरोबर नाव नोंदवा

पहिल्या हप्त्याची अट अशी: शेवटच्या पाळीच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत गरोदरपणाची नोंद आणि निदान एक तपासणी झालेली हवी. तुम्ही मात्र सहा महिने थांबू नका, पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा. रक्त कमी आहे, साखर वाढली आहे, रक्तदाब चढतोय, हे वेळेत कळण्याचा दुसरा मार्ग नाही, आणि बाळाची वाढ तिथूनच सुरू झालेली असते.

शहरात बायका बऱ्याचदा गल्लीतल्या खाजगी डॉक्टरकडे जातात. तपासणी होते, फाइल बनते, पण माता बाल संरक्षण कार्ड मिळत नाही. अर्जाला हेच कार्ड लागतं. म्हणून डॉक्टर कुठलाही असो, महापालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे नाव नोंदवून कार्ड घ्याच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. चौथ्या महिन्यापासून तिथे तज्ज्ञ डॉक्टरला दाखवता येतं.

शेवटच्या पाळीची तारीख सगळीकडे एकच सांगा. खाजगी फाइलवर एक, कार्डावर दुसरी आणि अर्जात तिसरी, असं झालं की पुढचं सगळं गणित बिघडतं. तारीख नीट आठवत नसेल तर डॉक्टरांनी सोनोग्राफीवरून धरलेली तारीख कार्डावर लिहून घ्या आणि तीच शेवटपर्यंत वापरा.

## टप्पा ४: अर्ज

दोन रस्ते आहेत. आशाताई किंवा अंगणवाडी सेविका अर्ज भरून देतात, किंवा योजनेच्या पोर्टलवर तुम्ही स्वतः भरू शकता. पहिला रस्ता बरा, कारण नंतर काही अडलं तर विचारायला ओळखीचं माणूस असतं. चेहऱ्याची पडताळणीही आता मागितली जाते. त्यामुळे कागद कोणाच्या हाती पाठवून काम उरकत नाही, बाईने स्वतः जायचं.

सोबत न्या: आधार, माता बाल संरक्षण कार्ड, पात्रतेचा तो एक पुरावा, पासबुक आणि ज्या मोबाइलवर ओटीपी येणार तो मोबाइल.

अर्ज भरल्यावर त्याचा क्रमांक कार्डाच्या मागच्या पानावर पेनाने लिहा. फोनमधला फोटो हरवतो, कार्ड मात्र लसीसाठी पाच वर्षं जपलं जातं.

सावधान: अर्जाला एक पैसाही लागत नाही. सायबर कॅफेवाला प्रिंटचे पैसे घेईल तो भाग वेगळा, पण 'हप्ता काढून देतो, इतके द्या' म्हणणाऱ्याला हात जोडा. मातृवंदनेच्या नावाने फोन करून ओटीपी किंवा यूपीआयचा पिन विचारणारेही असतात. पैसे यायला पिन लागत नाही.

मुदत: पहिल्या अपत्यासाठी शेवटच्या पाळीपासून ५७० दिवस, म्हणजे बाळ साधारण साडेनऊ महिन्यांचं होईपर्यंत. दुसरी मुलगी असेल तर जन्मापासून २७० दिवस. ज्यांचं राहून गेलंय त्यांनी ही तारीख आजच मोजावी.

## टप्पा ५: तीन हजार हातात आल्यावर

घरात पैसे आले की त्यांना वाटा फुटतात. भाडं थकलेलं असतं, डोहाळजेवण जवळ आलेलं असतं. कोणाच्या घरखर्चात नाक खुपसायचा मला हक्क नाही, तरी एक आग्रह आहे. यातले निदान निम्मे पैसे बाईच्या रोजच्या खाण्यासाठी वेगळे काढा आणि किराणेवाल्याकडे उधारीत वळते होऊ देऊ नका. रोज एक अंडं किंवा वाटीभर उसळ, एखादं केळं किंवा पेरू, नाचणीची भाकरी, शेंगदाणे, गूळ. महागडी प्रोटीन पावडर लागत नाही. त्या एका डब्याच्या पैशांत कितीतरी दिवसांची अंडी येतात.

लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, गरोदरपणात निदान १८० दिवस घ्यायच्या असतात. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नका. लोहाच्या गोळीवर चहा तर नकोच, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. मळमळतं म्हणून गोळी सोडण्यापेक्षा रात्री जेवणानंतर घेऊन बघा.

अंगणवाडीत नाव असेल तर महिन्याला २५ दिवसांचा घरपोच आहार गरोदर बाईच्या हक्काचा आहे. ते पाकीट घरातल्या सगळ्यांत वाटलं जातं आणि तिच्या वाट्याला मूठभर येतं, हे थांबवा.

प्रसूतीचा खर्च: सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त आणि जेवण मोफत आहे. शिवाय अनुसूचित जाती, जमाती किंवा दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातल्या बाईला महाराष्ट्रातल्या शहरी भागात जननी सुरक्षा योजनेचे ६०० रुपये मिळतात. ते मातृवंदनेपेक्षा वेगळे आहेत आणि दोन्ही घेता येतात. बाळंतपणासाठी म्हणून हे तीन हजार गाठीला बांधून ठेवायची गरज त्यामुळे कमी होते.

## टप्पा ६: माहेरी जाण्याआधी आणि जन्मानंतरचे २१ दिवस

पहिलं बाळंतपण माहेरी. मग जन्म एका गावात, नोंद दुसरीकडे, लस तिसरीकडे आणि अर्ज शहरात. पिशवी भरताना माता बाल संरक्षण कार्ड, आधार आणि पासबुक वरच्या कप्प्यात ठेवा. निघण्याआधी आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकेला गावाचं नाव सांगा. तिथल्या अंगणवाडीत आहार मिळू शकतो.

जन्माची नोंद २१ दिवसांत मोफत होते. दवाखान्यात प्रसूती झाली तर दवाखाना कळवतो, पण आई-वडिलांची नावं कशी लिहिली आहेत ते घरी जायच्या आधी स्वतः वाचून घ्या. आईचं नाव आधारप्रमाणेच हवं. 'सौ.' किंवा घरात हाक मारायचं नाव नोंदलं गेलं तर नंतर दुरुस्तीला चपला झिजतात. बारसं व्हायचंय म्हणून नोंद लांबवू नका. नावाशिवाय नोंद होते आणि नाव नंतर वर्षभरात विनाशुल्क घालता येतं.

काही अघटित झालं तर: गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्मलं, तर पुढच्या गरोदरपणात ती बाई नव्याने लाभार्थी धरली जाते. हक्क संपत नाही. हे तिला योग्य वेळी, हळुवारपणे कोणीतरी सांगायला हवं.

## टप्पा ७: दीड, अडीच, साडेतीन

दुसऱ्या हप्त्याच्या दोन अटी आहेत: जन्माची नोंद आणि लसींचा पहिला फेरा पूर्ण. पहिला फेरा म्हणजे जन्मताच दिलेल्या लसी आणि त्यानंतर दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस.

घोटाळा बहुधा अडीच महिन्यांच्या डोसाला होतो. दीड महिन्याच्या इंजेक्शनने बाळाला ताप आला, रात्रभर रडलं, आणि आजी म्हणाली, 'आता नको.' असा ताप येणं अपेक्षित असतं आणि एक-दोन दिवसांत उतरतो. किती औषध द्यायचं ते नर्सबाईंकडून तिथेच विचारून घ्या. माहेरी असाल तर तिथल्या उपकेंद्रात डोस घ्या, मात्र नोंद याच कार्डावर करून घ्या. सुट्या चिठ्ठीवरची नोंद अर्जात चढवताना वाद होतात.

तपासा: साडेतीन महिन्यांचा डोस झाला त्याच आठवड्यात आशाताईंना कार्ड आणि जन्मदाखला दाखवा. दुसरा हप्ता आपोआप येत नाही, माहिती भरावी लागते.

आशाताईंनी बाळंतपणानंतर ४२ दिवसांत घरी सहा भेटी द्यायच्या असतात, आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्यात. आल्या नाहीत तर फोन करून बोलवा. बाळाचं वजन आणि वाढ बघण्यासाठीच या भेटी आहेत.

## टप्पा ८: सहा महिने पूर्ण झाल्यावर खरी कसोटी

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नको, गुटी नको, मधाचं बोट नको.

त्यानंतर वरचं अन्न सुरू करायचं, आणि आपल्याकडची मोठी चूक इथे होते: वरणाचं वरचं पाणी. बाळाचं इवलंसं पोट त्या पाण्याने भरतं आणि डाळ मात्र भांड्याच्या तळाशी राहते. डाळ-भात एकत्र कुस्करा, वर चमचाभर तूप किंवा तेल घाला. कसोटी सोपी आहे: चमचा तिरका केला तर अन्न ओघळून जाता कामा नये. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, हळूहळू अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा, सोबत दूध चालूच. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. अंडं, कुस्करलेलं केळं, रताळं, पालक घातलेली खिचडी, नाचणीची घट्ट पेज, मासळी घरात चालत असेल तर काटे काढून.

दुसऱ्या हप्त्याचे दोन हजार बहुधा याच सुमारास येतात. यातून बाळासाठी एक वेगळी वाटी-चमचा घ्या, म्हणजे किती खाल्लं ते कळतं. बाकीचे डाळ, अंडी, तूप यांना. हप्ता आला नसेल तरी सहावा महिना थांबत नाही, त्यामुळे तोवर घरात जे शिजतं त्यातलंच मिठामसाल्याआधी बाजूला काढून कुस्करा. बिस्किट चहात बुडवून देणं आणि पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट हातात देणं, या दोन सवयी लागू देऊ नका.

भरवताना मोबाइल नको. दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये. मेंदूच्या वाढीला जे हवं ते खोलीभर घरातही आहे: बाळाच्या डोळ्यांत बघून बोलणं, त्याच्या 'आ-ऊ'ला उत्तर देणं, वाटी-पळी वाजवू देणं, झाकणात झाकण बसवू देणं, अडगुलं मडगुलं. आई कामावर जात असेल तर सांभाळणाऱ्या आजीला किंवा मोठ्या बहिणीलाही हे सांगा, कारण दिवसभर बाळ त्यांच्याजवळ असतं.

बाळाने कधी काय करायला हवं याची चित्रं माता बाल संरक्षण कार्डावरच छापलेली आहेत. नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही, आवाजाकडे वळत नाही, असं काही दिसलं तर 'उशिरा शिकेल' म्हणत वाट पाहू नका, आरोग्य केंद्रात दाखवा.

## टप्पा ९: पैसे अडकले तर, या क्रमाने

आधी पोर्टलवर किंवा आशाताईंकडून अर्जाची स्थिती बघा. 'दुरुस्तीसाठी परत' असेल तर नाव, तारीख किंवा कागद यांत फरक आहे, तो भरून पुन्हा पाठवा. दुसरा नवा अर्ज भरू नका, एकाच आधारवर दोन अर्ज झाले की अडकू शकतात. 'पैसे पाठवले' असं दिसत असेल तर टप्पा २ मधली बँक तपासा आणि त्या बँकेचं पासबुक छापून घ्या. मंजूरही आहे, बँकही बरोबर आहे आणि तरी पैसे नाहीत, तर अर्ज क्रमांकासह लेखी तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागात किंवा बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारणा पोर्टलवर कुठेच दिसत नाही.

## मुलगी झाली असेल तर आणखी एक अर्ज

१ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीसाठी महाराष्ट्रात लेक लाडकी योजना आहे. रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी आणि वर्षाचं उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर जन्मानंतर ५,००० रुपये, पुढे पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. दुसऱ्या बाळंतपणानंतर आई किंवा वडिलांनी कुटुंबनियोजन शस्त्रक्रिया करावी, अशी यात अट आहे. उत्पन्नाचा दाखला इथे मात्र लागतो, म्हणून तो गरोदरपणातच काढून ठेवा. बाळंतिणीला तहसीलच्या रांगेत उभं राहायला लागू नये.